डावी पाकळी

मशीनमध्ये शिरण्याआधी चिंतामणी वालावलकरांनी किल्ल्या काढल्या, चष्मा काढला, कमरेचा पट्टा काढला, आणि कवळीपाशी येऊन ते अडले.

"काका, कवळीत तार आहे ना? मग तीही काढायची," संघमित्रा म्हणाली. "आत मोठं मॅग्नेट असतं."

बाहत्तर वर्षांच्या माणसाला कसली आली लाज, असं ज्यांना वाटतं ते अजून बाहत्तरचे झालेले नसतात. चिंतामणींची बायको शांता दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर त्यांचं बोळकं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कवळी काढली आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रुमालाखाली दडवली. संघमित्रा शहाणी मुलगी. तेवढा वेळ तिनं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बघायचं काम काढलं.

संघमित्रा तांबे परळच्या एका संशोधन संस्थेत डॉक्टर होती. गोळ्या-औषधांची नव्हे, पीएचडीवाली. वाढलेली वरळीच्या बीडीडी चाळीत, त्यामुळे म्हाताऱ्यांशी कसं बोलावं हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गिरगावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर तिनंच कागद चिकटवला होता, मेंदूच्या प्रयोगासाठी निरोगी ज्येष्ठ नागरिक हवेत म्हणून. कट्ट्यावरच्यांनी तो मोठ्यानं वाचला. "मेंदू असलेले हवेत रे, आपलं काम नाही," असं म्हणून सगळे हसले आणि ब्लडप्रेशरकडे वळले. चिंतामणींनी मात्र गुपचूप नंबर उतरवून घेतला.

आता यांना विज्ञानाची फार ओढ होती म्हणाल, तर मुळीच नाही. अडतीस वर्षं एका विमा कंपनीत कारकुनी केलेला माणूस. पण कागदावर लिहिलं होतं की प्रत्येकाला तीन वेळा यावं लागेल. म्हणजे तीन वेळा ठरलेल्या वेळेला कुणीतरी आपली वाट बघेल, एवढा हिशेब त्यांनी केला. चाळ पाडून टॉवर झाल्यापासून ते सतराव्या मजल्यावर राहत होते. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं. इथं समोरच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं ते त्यांना दारावरच्या पाटीवरूनच ठाऊक होतं. दुपारी लिफ्टचा आवाज आला की ते कान देत, आणि लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर थांबे.

प्रयोग साधा होता. मशीनमध्ये आडवं पडायचं. दोन्ही हातांत एकेक बटण. मनाला येईल तेव्हा, मनाला येईल ते दाबायचं, डावं किंवा उजवं. डोळ्यांसमोरच्या पडद्यावर एकामागून एक अक्षरं येत राहतात. आपण ज्या क्षणी ठरवलं त्या क्षणी कोणतं अक्षर होतं तेवढं लक्षात ठेवून सांगायचं. मशीन धडाधड आवाज करत होतं आणि चिंतामणी आपल्या मर्जीचे राजे असल्यासारखे कधी डावं, कधी उजवं दाबत होते. इतकी मोकळीक त्यांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

दुसऱ्या खेपेला संघमित्रानं चहा मागवला आणि पडद्यावर एक आलेख दाखवला.

"तुमचे चौसष्ट आले, काका."

"म्हणजे पास?"

"यात पास-नापास नसतं." ती हसली. "तुम्हाला वाटतं ना, की आत्ता मी डावं दाबायचं ठरवलं? त्याच्या पाच-सहा सेकंद आधी तुमच्या मेंदूत काय चाललंय ते बघून आमचा कॉम्प्युटर सांगत होता, हे आता डावं दाबणार की उजवं. शंभरातनं चौसष्ट वेळा त्याचं बरोबर आलं."

चिंतामणींनी कप खाली ठेवला. "मी ठरवायच्या आधी?"

"तुम्ही ठरवलंय असं तुम्हाला कळायच्या आधी. पण छत्तीस वेळा तो साफ चुकला, हेही लक्षात घ्या. नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास बरोबर येतात. मेंदू आधीच एका बाजूला थोडा झुकलेला असतो, एवढंच आम्ही म्हणू शकतो. त्याच्यापुढे उड्या मारायच्या नाहीत."

पण चिंतामणींनी उडी मारली होती. नाण्याचं आणि छत्तिसाचं त्यांच्या कानांवरून गेलं.

"म्हणजे हातानं आधी केलेलं असतं, आणि माणसाला मागाहून कळतं. मग दोष माणसाचा नाही."

"बटण दाबण्यात कसला दोष, काका?"

त्यांनी आलेखाकडे पुन्हा एकदा पाहिलं. चहा गार झाला तरी तसेच बसून राहिले.

आता इथं कौलाची गोष्ट सांगायला हवी. नाहीतर या म्हाताऱ्याला दोषाचं एवढं काय पडलं होतं ते कळायचं नाही.

वालावलकरांच्या देव्हाऱ्यात कुडाळकडच्या गावाहून आणलेला देवीचा पाषाण आहे. चिंतामणींचे वडील त्याला कौल लावत, आणि त्यांच्यामागून चिंतामणी. रीत सोपी. जास्वंदीच्या दोन पाकळ्या वाटीतल्या पाण्यात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. पाणी सुकत जातं तशी एखादी पाकळी सुटते. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. अट एकच, दोन्ही पाकळ्या सारख्या भिजलेल्या हव्यात. सगळी चाळ त्यांच्याकडे यायची. बदली घ्यावी का, ऑपरेशन करावं का, मुलीला हे स्थळ द्यावं का. कौलवाले वालावलकर म्हणून गिरगावात त्यांना मान होता आणि तो खोटा नव्हता. बाप-लेकांनी कधी कुणाच्या पाकळीत लबाडी केली नाही. पाण्याची वाटी धरायचं काम चिंतामणींच्या एकुलत्या एका मुलीचं, नूपुरचं. सहा वर्षांची असल्यापासून ती वाटी धरून शेजारी बसायची.

ही नूपुर पंचवीस वर्षांची झाली तेव्हा तिनं घरात सांगितलं की तिला वेनशी लग्न करायचंय. वेन तिच्याच ऑफिसातला, माहीमचा. त्याचं घराणं मुंबईतलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं कॅथलिक. चिंतामणींनी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा करणाऱ्या बापाशी भांडता तरी येतं. ते म्हणाले, "आपण देवीला विचारू."

आणि पोरगी कबूल झाली. "लावा कौल," ती म्हणाली. "उजवी दिली तर तुम्ही आडवं यायचं नाही. डावी दिली तर मी वेनला नाही म्हणेन." लहानपणापासून बापाला कौल लावताना पाहिलेली ती. तिचा देवीवर जेवढा विश्वास होता, त्याहून जास्त बापाच्या हातावर होता.

नूपुरनं वाटी धरली. चिंतामणींनी उजवी पाकळी लावली. मग डावी वाटीतून उचलली, आणि त्यांचं बोट झटकलं. चार थेंब उडाले. बघता बघता पाकळी चिकटवून झाली. चाळीस मिनिटांनी डावी पडली.

पुढच्या महिन्यात नूपुरनं रजिस्टर लग्न केलं. देवीला दिलेला शब्द पोरीनं मोडला, असं चिंतामणी साऱ्या चाळीला सांगत सुटले आणि चाळीनंही मान डोलावली. लग्नाच्या आदल्या दिवशी नूपुरनं फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "बाबा, कौल कोणी दिला?" ते म्हणाले, "देवीनं." तिनं फोन ठेवला. अँड्रिया झाली तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. तोच प्रश्न, तेच उत्तर. शांता गेली त्यानंतर तेराव्याला तिसऱ्यांदा. चिंतामणी देवीवर ठाम राहिले. करून सवरून नामानिराळं कसं राहावं, हे कुणी त्यांच्याकडून शिकावं.

शांता बिचारी दर बुधवारी भजनाला जाते म्हणून सांगायची आणि माहीमला लेकीकडे जायची. चिंतामणींना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि बुधवारी रात्री शांतानं काय सांगावं म्हणून वाट बघत मात्र राहायचे. ती काही सांगायची नाही. आता बुधवारही उरले नव्हते.

आणि मग या वर्षी मार्चमध्ये वेनचा निरोप आला. अंकल, आम्ही सगळे न्यूझीलंडला शिफ्ट होतोय, पुढच्या महिन्यात. नूपुर तुम्हाला कळवणार नाही म्हणते, पण मला वाटलं तुम्हाला माहीत असावं. चिंतामणींनी तो निरोप इतक्या वेळा वाचला की तो त्यांना पाठ झाला. एकोणीस वर्षं ते मनात धरून बसले होते की एक दिवस नूपुर दार वाजवील आणि प्रश्न न विचारता आत येईल. माहीम काय, बसनं पाऊण तासावर. न्यूझीलंडहून कोण दार वाजवायला येतंय?

तर असा हा माणूस संघमित्रासमोर बसला होता. एकोणीस वर्षं त्यानं स्वतःला सांगितलं होतं की बोट झटकलं, माणसाचं बोट झटकतंच. रात्री कूस बदलताना मात्र चोराच्या मनात चांदणं असायचं. आणि आज परळच्या एका डॉक्टरणीनं, सरकारमान्य संस्थेत बसून, आलेख काढून सांगितलं होतं की हे असंच असतं. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"मला हे लिहून द्याल?" त्यांनी विचारलं. "लेटरहेडवर. सही-शिक्क्यासकट."

"काय लिहून देऊ?"

"हेच. की श्री. चिंतामणी वालावलकर यांचा निर्णय त्यांना कळण्याच्या आधी झालेला असतो."

संघमित्रानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "असं पत्र मी नाही देऊ शकत, काका. ते खरंच नाही तसं. हवं तर तुमचा आलेख प्रिंट करून देते, आठवण म्हणून."

कारकुनाला कागद मिळाला की तो निश्चिंत होतो. चिंतामणींनी आलेख घरी नेला, ठाकूरद्वारच्या एका दुकानात लॅमिनेट करून आणला आणि नूपुरला फोन लावला. तिनं उचलला तेव्हा घाईघाईनं म्हणाले, "मला एकदा भेट. मी पुरावा आणलाय." मग ती म्हणाली, "शुक्रवारी. दादरला, ऑफिसजवळ. माझ्याकडे अर्धा तास असतो."

दादरच्या त्या उपाहारगृहात ते पाऊण तास आधीच जाऊन बसले. नूपुर आली. केस पांढरे व्हायला लागले होते, चालण्यात शांता आली होती. "काय घेणार?" तिनं विचारलं. परक्या माणसाला विचारावं तसं. त्यांनी साबुदाणा वडा सांगितला आणि तो खाल्ला नाही. पिशवीतून लॅमिनेट केलेला आलेख काढून टेबलावर ठेवला आणि जे पाठ करून आले होते ते बोलायला लागले. मशीन, बटणं, पाच-सहा सेकंद, चौसष्ट.

"त्या दिवशी माझं बोट थोडं झटकलं असेल," शेवटी ते म्हणाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आलं होतं. "असेल. मी नाही म्हणत नाही. पण ते मी केलेलं नव्हतं, नुपू. हे बघ, शास्त्रानं सिद्ध झालंय. माणसाला कळायच्या आत झालेलं असतं. आता तरी तुझ्या मनात काही ठेवू नकोस."

नूपुरनं आलेख उचलला, उलटा केला, सुलटा केला. तिनं तो वाचला की नाही कोण जाणे.

"इतकी वर्षं देवी होती," ती म्हणाली. "आता मशीन आणलंत. तुम्ही स्वतः कधी येणार, बाबा?"

तिनं दोघांचं बिल दिलं आणि गेली. अर्ध्या तासातली बारा मिनिटं तिनं वापरलीच नाहीत. चिंतामणी वडा पुढ्यात घेऊन बसून राहिले. वेटर दोनदा विचारून गेला, पार्सल करू का. तिसऱ्यांदा त्यांनी हो म्हटलं, घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी फेकून दिलं.

तिसऱ्या खेपेला जायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण सकाळी संघमित्राचा फोन आला, "काका, निघालात ना? मी वाट बघतेय." या वाक्यासाठी ते कुठंही गेले असते.

या वेळी मशीन नव्हतं. डोक्याला तारांची टोपी, पायाखाली एक पेडल, समोर दिवा.

"दिवा हिरवा असेल तेव्हा मनाला येईल तेव्हा पेडल दाबायचं," संघमित्रानं समजावलं. "पण मध्येच दिवा लाल झाला तर दाबायचं नाही. गंमत अशी, की तुम्ही आता दाबणार असं कॉम्प्युटरला तुमच्या मेंदूवरून वाटलं, की तो मुद्दाम लाल दिवा लावणार. म्हणजे तुमच्या मनानं घेतलेलं असणार, आणि तरी तुम्हाला थांबायचंय. बघू, जमतं का."

पहिले काही डाव ते हरले. लाल दिवा लागायचा आणि पाय गेलेला असायचा. मग हळूहळू पाय थबकायला लागला. एकदा तर अंगठा पेडलला टेकला होता, दाबला जाणार एवढ्यात लाल झालं, आणि त्यांनी तो तिथंच आवरला. पोटऱ्या दुखायला लागल्या. तासभर चाललं हे.

"मस्त केलंत," टोपी काढताना संघमित्रा म्हणाली. "अर्ध्याहून जास्त वेळा थांबलात. तुमच्या वयाला भारी आहे."

"पण मेंदू तर आधीच झुकलेला असतो म्हणालात."

"असतो ना. झुकला म्हणजे पडला असं थोडंच? सुरुवात झाली तरी माणूस थांबू शकतो. अगदी शेवटचा सेकंदाचा पाचवा हिस्सा राहिला, की मग नाही थांबता येत. त्याच्या आधी येतं."

"सेकंदाचा पाचवा हिस्सा," चिंतामणी म्हणाले.

"हो. एवढासाच. बाकी सगळा वेळ तुमचा."

चिंतामणी एकदम उठले, आणि उठता उठता पुन्हा खुर्चीत बसले. तिनं पाणी आणलं. चक्कर आली का, बीपी बघू का, असं विचारायला लागली. त्यांनी मान हलवली. त्यांना डोळ्यांसमोर आपलं जुनं घर दिसत होतं, चाळीतलं. देव्हाऱ्यासमोरचा पाट. दोन तांबड्या पाकळ्या, उजवी ओलीचिंब, डावी कडेनं आत्ताच वळायला लागलेली. पाटावर बसलेला त्रेपन्न वर्षांचा एक माणूस, हात जोडून, डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघतोय. त्याला ठाऊक आहे ती का वळतेय. हात लांब केला तर पोचेल. पुन्हा भिजवून लावायची, म्हणायचं की नीट लागली नव्हती. कुणी काही विचारलं नसतं. भिंतीवरचं घड्याळ त्यानं दोनदा बघितलं होतं. सात वाजून दहा. मग साडेसात. आणि तो हात जोडून बसून राहिला.

"चाळीस मिनिटं," ते पुटपुटले.

"काय, काका?"

"काही नाही. मला चाळीस मिनिटं मिळाली होती."

संघमित्राला त्यातलं काही कळलं नाही. तिनं खोदून विचारलंही नाही, त्यांना खालपर्यंत सोडायला आली. गेटपाशी म्हणाली, "प्रयोग संपला, पण परळला आलात तर वर या." तो शिष्टाचार होता हे कळण्याइतके चिंतामणी शहाणे होते. तरी बरं वाटलं.

त्या रात्री त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर बोललं की तिला प्रश्न विचारावा लागेल, आणि आपण फक्त उत्तर देऊ. हे न विचारता सांगायला हवं होतं.

रविवारी ते माहीमला गेले. शांता ज्या घरी सतरा वर्षं बुधवारी जात होती ते घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या मागं दुमजली जुनं घर, बाहेरून लाकडी जिना. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटत होतं की मागं फिरावं. पायही खरंच मागं फिरायच्या बेतात होते. त्यांनी ते फिरू दिले नाहीत.

दार वेननं उघडलं. "अंकल!" तो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला. "या. या ना आत."

घरात खोकीच खोकी. सोफा कुणाला तरी देऊन टाकलेला. खिडकीशी सोळा-सतरा वर्षांची मुलगी वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. ही अँड्रिया. चिंतामणींनी तिला शांताच्या फोनमध्ये चोरून पाहिलं होतं, शाळेच्या गणवेशात. नूपुर जमिनीवर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा पट्टी ओढायला लागली.

"आज कसला पुरावा आणलात?"

"काही नाही आणलं." पिशवी नव्हती त्यांच्याकडे, तर हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. "कौल देवीनं दिला नव्हता. मी दिला. डावी पाकळी मी झटकली होती."

पट्टीचा आवाज थांबला. वेननं अँड्रियाला खूण केली, पण ती जागची हलली नाही.

"मुद्दाम?" नूपुरनं विचारलं.

"झटकली तेव्हा मुद्दाम होतं का, ते मला खरंच माहीत नाही. देवीची शपथ घेऊन सांगितलं असतं, पण आता तिचं नाव घ्यायला तोंड नाही. पण ती पडायला चाळीस मिनिटं लागली, नुपू. ती कोरडी आहे हे मला ठाऊक होतं. केव्हाही उठून पुन्हा भिजवता आली असती. मी नाही उठलो. ते मुद्दाम होतं. आणि वर साऱ्या चाळीला सांगितलं, की शब्द तू मोडलास."

नूपुरनं ओढलेली चिकटपट्टी तोडली.

"वाटी माझ्या हातात होती, बाबा," ती म्हणाली. "थेंब माझ्या मनगटावर उडाले."

चिंतामणींनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. "तू पाहिलं होतंस?"

"हो. आणि मी बोलले नाही. त्या चाळीस मिनिटांत मी देवीकडे एकदाही बघितलं नाही. तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, आत्ता उठतील. आता उठतील. माझे बाबा आहेत, उठतील." तिनं पट्टीचा तुकडा चुरगाळला. "पाकळी पडली तेव्हा तुम्ही हुश्श केलंत. तेही ऐकलं मी."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटी ती सुरू होऊन निघून गेली.

"का केलंत?" नूपुरनं विचारलं.

हा प्रश्न तिनं कधीच विचारला नव्हता, आणि याचं उत्तर त्यांनी पाठ केलं नव्हतं. जात, धर्म, लोक काय म्हणतील, सगळी उत्तरं हाताशी होती. त्यांतलं एकही पुरतं खरं नव्हतं.

"तू गेलीस की घर रिकामं होईल, याची भीती वाटली," ते म्हणाले. "मला एकटं पडायचं नव्हतं."

तिनं डोळे पुसले, रागानं. मग उठून आत गेली, आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. "बसा," म्हणाली. बसायला खोकंच होतं. चिंतामणी त्यावर बसले. अँड्रिया त्यांच्याकडे टक लावून बघत होती, ओळख पटवत असावी तशी. आजीच्या तोंडून तिनं यांच्याबद्दल काय काय ऐकलं असेल, त्याचा विचार त्यांनी केला नाही.

"माफ वगैरे मला लगेच जमणार नाही," नूपुर म्हणाली. "जमेल की नाही, तेही सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस."

"गुरुवारी दुपारचं विमान आहे."

"मी येऊ सोडायला?"

"ते मला नका विचारू, बाबा. कुणालाच नका विचारू. तुम्ही ठरवा."

ग्लास चिंतामणींच्या हातात होता. विमानतळाच्या काचेपलीकडे हे तिघं दिसेनासे होतील, मग आपण टॅक्सीत एकटे बसून गिरगावला परत येऊ, सतरावा मजला, बंद दार, हे सगळं त्यांना तिथं बसल्या बसल्या आधीच दिसलं.

"येतो," ते म्हणाले.